वायरीचा ताण: गडहिंग्लज भागातील व्हिडिओ कॅमेरा आणि त्याच्या सॉकेटची दुरुस्ती

व्हिडिओ कॅमेऱ्यातले चित्र आणि आवाज ज्या खाचेतून वायरीने बाहेर पडतो ते सॉकेट हा कॅमेऱ्याचा सर्वांत स्वस्त भाग आहे आणि सर्वांत आधी निकामी होणाऱ्या भागांपैकी एक. त्याचे दुखणे हळूहळू वाढत जाते. आधी पडद्यावर क्षणभर पट्टे येतात. मग वायर बोटाने एका बाजूला दाबून धरली की चित्र नीट दिसते, सोडली की जाते. शेवटी दाबूनही काही येत नाही. तोवर आतल्या सर्किट बोर्डावरचा तांब्याचा पापुद्रा उचकटलेला असतो आणि किरकोळ काम मोठे झालेले असते. बिघाडाचे मूळ विजेत क्वचित असते. लोंबणारी, कोणाच्या पायात अडकणारी किंवा तिरकी ओढली जाणारी वायर कॅमेऱ्यावर जो ताण टाकते तो कोणत्या भागाने सोसायचा, या प्रश्नावर सगळे येऊन थांबते. गेल्या चाळीस वर्षांत कॅमेरे लहान होत गेले तसा हा ताण जाड पत्र्यावरून सरकत सरकत कथलाच्या बारीक ठिपक्यांवर आला. सॉकेट दुरुस्तीचा इतिहास मुख्यतः या सरकण्याचा इतिहास आहे.

हिरण्यकेशीच्या काठावरचे गडहिंग्लज ही कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडची मोठी बाजारपेठ. पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे संकेश्वर जवळ, पण ते कर्नाटकात. दुसऱ्या बाजूला आजरा, चंदगड आणि आंबोलीवरून कोकणात उतरणारा रस्ता. कोल्हापूर सुमारे सत्तर किलोमीटरवर. गडहिंग्लजच्या शूटिंगवाल्याचे कामाचे क्षेत्रही असेच पसरलेले असते: आज हुक्केरीकडचे कन्नड-मराठी लग्न, उद्या आजऱ्याच्या डोंगरातली वास्तुशांत, परवा काळभैरवाची यात्रा. कंपनीची सेवाकेंद्रे मोठ्या शहरांत. लग्नसराईच्या ऐन मध्यावर कॅमेरा तिकडे पाठवणे म्हणजे घेतलेल्या सुपाऱ्या सोडणे. त्यामुळे अशा तालुक्याच्या गावांत सॉकेट जपणे आणि जवळच्या जवळ दुरुस्त करून घेणे हा धंद्याचाच भाग झाला.

कोल्हापूरला कॅमेरा उघडून समजून घेण्याची परंपरा व्हिडिओच्या फार आधीची आहे. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८च्या सुमारास कोल्हापुरातच चलच्चित्रणाचा कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. त्या कॅमेऱ्याला सॉकेट नव्हते. हाताने फिरवायचा दांडा, दातेरी चाके आणि फिल्म एवढाच त्याचा संसार. बिघडलेला भाग कानशीने घासून किंवा नवा ओतून बसवता येई. व्हिडिओ कॅमेऱ्यात ही सोय राहिली नाही. त्यातले चित्र हे विजेच्या संदेशाच्या रूपात असते आणि तो संदेश बाहेर न्यायचा तर धातूला धातू घट्ट टेकलाच पाहिजे.

सुरुवातीच्या हातात धरायच्या व्हिडिओ संचात कॅमेरा वेगळा आणि टेप भरणारा रेकॉर्डर वेगळा असे. रेकॉर्डर खांद्याला पट्ट्याने अडकवलेला, दोन्हींच्या मध्ये अनेक पिनांची जाड वायर. जपानी कंपन्यांत एकवाक्यता नव्हती. व्हीएचएस गटातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना १० पिनांचे सॉकेट असे, तर सोनीच्या कॅमेऱ्यांना १४ पिनांचे. चित्र, आवाज, वीज आणि रेकॉर्डिंग चालू-बंद करण्याचा इशारा हे सगळे त्या एका वायरीतून जाई. एक पिन वाकली की सगळेच बंद. १९८३ मध्ये सोनीने बेटामूव्ही आणि १९८४ मध्ये जेव्हीसीने लहान व्हीएचएस कॅसेटचा कॅमेरा काढला, तेव्हा कॅमेरा आणि रेकॉर्डर एका पेटीत आले आणि सर्वांत जास्त त्रास देणारी ही वायर एकदम नाहीशी झाली.

भारतात १९८२च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत व्हिडिओ कॅसेट छोट्या गावांत पोचली. लग्नाच्या अल्बमबरोबर लग्नाची कॅसेट असणे हे हळूहळू रीतीचे झाले. खांद्यावर ठेवायचे पूर्ण आकाराच्या व्हीएचएस कॅसेटचे पॅनासॉनिक कॅमेरे या धंद्यातले मुख्य हत्यार होते. त्यातले एम-३००० आणि एम-९००० हे नमुने तर जुन्या शूटिंगवाल्यांच्या तोंडी अजून आहेत. अशा कॅमेऱ्यातून चित्र बाहेर येई ते प्रामुख्याने आरसीए सॉकेटमधून. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९३०च्या दशकात रेडिओ-ग्रामोफोनच्या आतल्या जोडणीसाठी काढलेले हे गोल सॉकेट. पिवळे चित्रासाठी, पांढरे आणि लाल आवाजासाठी. त्याला साधारणपणे ‘एव्ही पिन’ म्हणतात. रचना अगदी साधी: बाहेर जमिनीचे, म्हणजे अर्थचे, कडे आणि मध्ये पिन पकडणारी पोकळ नळी. या रचनेत एक उणीव मुळातच आहे. पिन खुपसताना आधी मधला भाग टेकतो आणि अर्थ नंतर, म्हणून चालू यंत्राला पिन लावली की टीव्हीच्या स्पीकरमधून मोठा घुर्र आवाज येतो.

पण हे सॉकेट दणकट होते. पुष्कळ यंत्रांत ते जाड प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात बसवलेले आणि तो ठोकळा स्क्रूने सांगाड्याला आवळलेला असे. वायर ओढली गेली तरी झटका सांगाड्याने घेतला जाई. त्या काळात लग्नात कॅमेऱ्याची वायर मांडवातल्या टीव्हीला जोडून पाहुण्यांना बसल्या जागी अक्षता दाखवण्याची हौस सुरू झाली. कॅमेरामनच्या मागे हॅलोजनचा दिवा धरणारा लाइटमन, त्याच्या मागे दिव्याची वायर, तिच्याच जोडीला चित्राची वायर, आणि भोवती वऱ्हाड. वायरीत पाय अडकणे रोजचे होते. तरीही सॉकेट तुटण्यापेक्षा पिनेच्या मुळाशी वायर तुटण्याचे प्रकार जास्त, आणि ते काम कोणीही रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा करून देई. वायर इंचभर कापायची, बाहेरची जाळी पिळून एका बाजूला घ्यायची, मधली तार सोलून डाख लावायचा, पिन परत चढवायची. सॉकेटच ढिले झाले असेल तर बाहेरचे कडे चिमट्याने किंचित आवळले तरी पकड येई. आतून सुटले असेल तर पेटीचे स्क्रू काढून तडकलेल्या जोडावर नवे कथील वितळवायचे. अशा तडकलेल्या जोडाला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. तो भिंगाखाली ओळखता येतो: पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसते आणि चकाकी जाऊन कथील राखाडी पडलेले असते. या कामाला लागणारी सामग्री २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न, राळ असलेली कथलाची तार आणि मल्टिमीटर, एवढीच. आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा अभ्यासक्रम केलेल्या मुलाला ते शिकवावे लागत नसे.

१९९५ मध्ये आलेल्या डीव्ही कॅसेटने हे सोपे दिवस संपवले. चित्र आता अंकांच्या रूपात टेपवर जाऊ लागले आणि ते संगणकावर उतरवण्यासाठी ‘फायरवायर’ नावाची वायर आली. कॅमेऱ्याच्या बाजूचे तिचे सॉकेट चार संपर्कांचे, नखाएवढे, थेट बोर्डावर बसवलेले. मिक्सिंगसाठी, म्हणजे चित्रणाच्या संपादनासाठी, कोल्हापूरला जाण्याऐवजी शूटिंगवाल्याने स्वतःचा संगणक घेतला, त्यात फायरवायरचे कार्ड बसवले, आणि कॅसेटमागून कॅसेट ‘कॅप्चर’ करू लागला. एका तासाची टेप उतरायला एक तासच लागतो आणि ती सुमारे १३ गिगाबाइट जागा घेते. म्हणजे लग्नसराईत ती वायर रोज कित्येक तास कॅमेऱ्यात असे.

या सॉकेटचा घात एका अनपेक्षित ठिकाणाहून झाला. संगणकाच्या बाजूला हीच वायर सहा संपर्कांच्या मोठ्या सॉकेटात जाते आणि त्यातले दोन संपर्क वीजपुरवठ्याचे असतात. संगणक टेबलाखाली, त्याचे सॉकेट मागच्या अंगाला, हात अंदाजाने घालायचा. सैल झालेल्या सॉकेटात पिन उलटी रेटली की वीजपुरवठ्याचे व्होल्ट संदेशाच्या तारांवर येतात आणि कॅमेऱ्याच्या आतली चिप क्षणात जळते. कॅमेरा चालत राहतो, टेप वाजते, पडद्यावर चित्र दिसते. फक्त संगणक त्याला ओळखत नाही. वरून सॉकेट ठणठणीत दिसत असल्याने पुष्कळांनी आधी वायर बदलली, मग कार्ड बदलले, मग विंडोज पुन्हा टाकले. यावर कारागिरांनी दिलेला सल्ला पुढे नियमच झाला: जोडताना संगणक आणि कॅमेरा दोन्ही बंद, आणि पिनेचा आकार डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लावायची नाही. पोर्ट जळलेल्या कॅमेऱ्यातले लग्न मात्र हातचे जात नसे. कॅसेट काढून दुसऱ्या डीव्ही कॅमेऱ्यात घालता येई, किंवा जुन्या एव्ही पिनेतून जरा कमी प्रतीचे का होईना, चित्र उतरवता येई. टेप हे माध्यम सॉकेटवर अवलंबून नव्हते, ही त्या काळातली मोठी सुरक्षितता होती.

त्यानंतरचा बदल वेगाने झाला. २००८ मध्ये निकॉनचा डी-९० आणि कॅननचा फाइव्ह-डी मार्क-टू हे फोटोचे कॅमेरे व्हिडिओही घेऊ लागले आणि लग्नाचे चित्रण खांद्यावरून हातात आले. टेपची जागा मेमरी कार्डाने घेतली, त्यामुळे चित्र उतरवण्यासाठी वायर लागेनाशी झाली. वाटावे की सॉकेटचा प्रश्न संपला. झाले उलटे. मंगल कार्यालयात स्टेजच्या बाजूला एलईडी वॉल उभी राहिली आणि कॅमेऱ्याचे चित्र कार्य संपेपर्यंत एचडीएमआय वायरीने तिथे जाऊ लागले. २०२०च्या टाळेबंदीत लग्नाला माणसे मोजकीच, म्हणून मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांसाठी यूट्यूबवर थेट प्रक्षेपण सुरू झाले. तेही याच वायरीवर. गडहिंग्लजचे फुटबॉलवेड जुने आहे, आणि जिथे सामना थेट दाखवायचा तिथे कॅमेरा दिवसभर एका जागी, उन्हात, वायर लावलेलाच.

एचडीएमआयचे पूर्ण आकाराचे सॉकेट सुमारे १४ मिलिमीटर रुंद आणि १९ संपर्कांचे. २००९ मध्ये आलेले ‘मायक्रो’ सॉकेट साडेसहा मिलिमीटरच्या आत-बाहेर रुंद, आणि संपर्क तेवढेच १९. दोन संपर्कांतले अंतर अर्ध्या मिलिमीटरहून कमी. फोटोच्या कित्येक कॅमेऱ्यांना हेच सॉकेट असते. त्यात एलईडी वॉलवाल्याची दहा-पंधरा मीटरची जाड वायर एखाद्या कन्व्हर्टर पिनेमार्फत लावली जाते. पिन बाहेर दोन-तीन इंच आलेली, तिच्या टोकाला वायरीचे वजन. हे वजन तरफेसारखे काम करते: टोकाला जरासा धक्का लागला की मुळाशी त्याच्या कितीतरी पट जोर पडतो. आणि मुळाशी सांगाडा नाही, स्क्रू नाही, बोर्डाला कथलाने चिकटवलेले चार पत्र्याचे पाय आहेत. एचडीएमआयच्या मानकात सॉकेट हजारो वेळा पिन घालण्या-काढण्याच्या चाचणीत टिकावे अशी अपेक्षा आहे, पण ती चाचणी सरळ घातलेल्या पिनेची आहे. तिरक्या ओढीचे गणित वेगळे. इथे एकच झटका पुरतो.

विजेचा धोकाही वाढला. कार्यालयात एलईडी वॉल जनरेटरवर, कॅमेऱ्याचा अडॅप्टर भिंतीतल्या पॉइंटवर आणि अर्थिंग कुठेच धड नाही, अशी स्थिती नेहमीची. दोन यंत्रांच्या पत्र्यांत मग व्होल्टचा फरक राहतो. हात लावला तर मुंग्या येतात. अशा वेळी चालू कॅमेऱ्यात पिन घातली तर तो फरक संदेशाच्या तारांतून मोकळा होण्याची शक्यता असते आणि एचडीएमआयची चिप जाते. उपाय जुनाच: आधी सगळी जोडणी, मग वीज. ते जमत नसेल तर निदान कॅमेरा त्या वेळी बॅटरीवर ठेवायचा.

सॉकेट खरोखर तुटले आहे का, हे ठरवण्यातच कारागिराची परीक्षा असते. पहिली पायरी खात्रीची दुसरी वायर लावून पाहण्याची, कारण निम्मी दुखणी वायरीचीच निघतात. दुसरी, बॅटरीच्या उजेडात भिंगाने आत डोकावण्याची: मधली प्लॅस्टिकची जीभ तुटली आहे का, संपर्काची पत्री मागे दबली आहे का, की नुसता गुलाल बसला आहे. मिरवणूक आणि यात्रेत गुलाल, लग्नात हळद-कुंकू; ही पूड सॉकेटात शिरते, घामाच्या ओलाव्याने घट्ट होते आणि पिन पूर्ण आत जाऊ देत नाही. पावसाळ्यात आजरा-आंबोलीच्या बाजूला दमट हवेने त्यात भर पडते आणि संपर्कांवर हिरवट थर चढतो. तो काढायला हवेचा फुगा, मऊ ब्रश आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरते. सुई घालून खरवडणे, पेट्रोल किंवा मशीनचे तेल सोडणे यांनी सॉकेटचे जास्त नुकसान केले आहे: सुईने संपर्कावरचा सोन्याचा पातळ मुलामा निघतो आणि तेलावर नवी धूळ चिकटते.

कॅमेरा उघडायचा ठरला तर बॅटरी काढून काही वेळ थांबावे लागते, आणि फोटोच्या कॅमेऱ्यात अंगचा फ्लॅश असेल तर त्याचा कपॅसिटर आधी रिकामा करावा लागतो. त्यात ३०० व्होल्टच्या आसपास दाब साठून राहतो. अनुभवी माणूस तो स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे, तर रेझिस्टर लावून हळू उतरवतो. प्रत्येक स्क्रू कुठला ते कागदावर आकृती काढून तिथेच चिकटवले जाते, कारण लांबीत मिलिमीटरचा फरक असलेला स्क्रू चुकीच्या जागी गेला तर तो बोर्डालाच भोक पाडतो. काही कॅमेऱ्यांत सॉकेट लहान वेगळ्या पट्टीवर असते आणि पट्टी बदलली की काम झाले. मुख्य बोर्डावरच असेल तर ती तासाभराची एकाग्रतेची बैठक असते. शेजारचे भाग उष्णतारोधक टेपने झाकायचे, फ्लक्स लावायचे, गरम हवेने बोर्ड हळूहळू तापवायचे. युरोपात २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर निर्बंध आले आणि जगभरचे उत्पादन बिनशिशाच्या कथलाकडे वळले. जुने शिसेमिश्रित कथील १८३ अंश सेल्सिअसला वितळे, नवे २१७च्या पुढे. हा चौतीस अंशांचा फरक जुन्या हाताला सुरुवातीला जड गेला. कथील वितळण्याआधीच सॉकेट उपटले की खालचा तांब्याचा मार्ग त्याच्याबरोबर येतो. म्हणून पुष्कळ कारागीर आधी त्या जोडांवर शिसेमिश्रित कथील वितळवून मिसळतात. मिश्रण कमी उष्णतेला सुटते.

मार्ग उखडलाच तर केसाएवढी वार्निश केलेली तांब्याची तार टाकून जोडता येते. पण एचडीएमआयच्या वेगवान जोड्यांत ही तार काही मिलिमीटरहून लांब झाली की चित्र पुन्हा तुटू लागते, कारण अशा वेगाला दोन तारांमधले अंतर आणि लांबीही मोजून लागते. आरसीएच्या काळात हातभर तार टाकूनही चित्र येत असे. नवे सॉकेट बसवल्यावर पत्र्याच्या पायांना भरपूर कथील आणि संपर्कांना बेताचे, हा क्रम महत्त्वाचा. ताण पायांनी घ्यायचा असतो, संपर्कांनी नाही.

हे काम प्रत्येक गावी होईल अशी अपेक्षा करता येत नाही. त्याला सूक्ष्मदर्शक, हॉट एअर स्टेशन आणि स्थिर हात लागतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांमुळे ही साधने तालुक्याच्या गावांत पोचली हे चांगले झाले. चार्जिंग पोर्ट रोज बदलणाऱ्या मुलाच्या हाताला एचडीएमआय सॉकेट परके नसते. अडचण सुट्या भागांची आहे. हुबेहूब मापाचे सॉकेट मिळत नाही तेव्हा पाण्यात पडलेल्या किंवा सेन्सर गेलेल्या त्याच जातीच्या कॅमेऱ्यातून ते काढले जाते, आणि असे मृत कॅमेरे जपून ठेवणे हे दुकानदाराचे भांडवल असते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्टल सुरू केले. कॅमेऱ्याचे सुटे भाग आणि आराखडे स्वतंत्र कारागिरालाही मिळावेत ही मागणी रास्त आहे. जिथे सेवाकेंद्र नाही तिथल्या धंद्याचे पोट तिच्यावर आहे.

मोडण्याआधीचा बंदोबस्त मात्र स्वस्त आहे आणि तो सगळीकडे होऊ शकतो. वायर सॉकेटपासून वीतभर अंतरावर कॅमेऱ्याला किंवा स्टँडच्या डोक्याला बांधायची, आणि सॉकेट व गाठ यांच्यामध्ये सैल वळसा ठेवायचा. ओढ बसली तर ती गाठीला बसते. कोणी यासाठी वेल्क्रोची पट्टी वापरतो, कोणी सुतळी. धातूचा पिंजरा आणि त्याला वायर पकडणारा चिमटा लावला तर त्याहून उत्तम. लांब कन्व्हर्टर पिनेऐवजी एका टोकाला मायक्रो आणि दुसऱ्या टोकाला पूर्ण आकाराचे सॉकेट असलेली फूटभर मऊ वायर कॅमेऱ्यात कायम ठेवतात. घालणे-काढणे तिच्या दुसऱ्या टोकाला होते आणि झिजली तरी झिजते ती वायर. यूएसबीच्या मानकात हाच विचार कारखान्यातच केला गेला: २००७च्या मायक्रो-यूएसबीत अडकवणाऱ्या स्प्रिंगा सॉकेटातून काढून पिनेत घातल्या, म्हणजे झीज बदलता येणाऱ्या भागावर यावी. पंधरा मीटरपेक्षा लांब जायचे असेल तर चित्र कन्व्हर्टरने एसडीआय या व्यावसायिक व्हिडिओ जोडणीवर घेऊन बीएनसी वायरीने नेणे श्रेयस्कर. फिरवून अडकणारी बीएनसी पिन दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांतली, आणि अजूनही ओढली तर सुटून येत नाही. बिनतारी ट्रान्समीटर आले तरी त्यांच्यापर्यंत जाणारी छोटी वायर आणि तिचे सॉकेट उरतेच, फक्त वऱ्हाडाच्या पायात येणारा भाग कमी होतो.

उत्पादकांनीही मधल्या काळात थोडे मागे वळून पाहिले. पॅनासॉनिकच्या २०१७च्या जीएच-फाइव्हमध्ये पूर्ण आकाराचे एचडीएमआय सॉकेट आणि सोबत वायर आवळणारा आधार दिला गेला. सोनीने २०२०च्या ए-सेव्हन-एस-थ्रीमध्ये मायक्रो सोडून पूर्ण आकार घेतला. आधाराचा तो तुकडा खोक्यात येतो आणि बहुतेक वेळा खोक्यातच राहतो. जुना कॅमेरा विकत घेताना गडहिंग्लज-कोल्हापूरकडचा जाणता माणूस लेन्सआधी सॉकेटचे रबरी झाकण उघडतो, स्वतःची वायर लावतो आणि पिन हलक्या हाताने चारी बाजूंनी हलवून पडद्याकडे पाहतो.